रफ कामाचा रकाना

खैरटोला, ता. अर्जुनी मोरगाव
४ डिसेंबर २०२५

चि. हेमेंद्र,

आशीर्वाद शेवटी देईन, पत्र पूर्ण वाचलंस तर.

फोन करत नाही, कारण फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" म्हणतोस आणि दुसऱ्या हाताने काहीतरी टाइप करत असतोस. ते मला ऐकू येतं. उत्तरही टपालानेच दे, म्हणजे लिहिताना थोडा विचार होईल.

परवा बोरीटोल्याचा चुन्नीलाल मुद्दाम माझ्या दारात आला. नहरेच्या तोंडाशी बोरीटोला आणि अगदी शेवटाला आमचं खैरटोला. तोंडाशी बसलेला माणूस जसा बोलतो तसाच हा बोलतो. वर्तमानपत्र माझ्यापुढे धरून म्हणाला, "मास्तरीनबाई, तुमच्याच भतीज्यानं कम्प्यूटरवर काढलं जी. खैरटोल्यापावतर पाणी पुरतच नाई. आता कायले भांडता?" मथळा होता 'संगणकाने सिद्ध केले'. खाली तुझा फोटो, केस न विंचरता काढलेला.

आता नीट ऐक. इटियाडोह धरणाचं उन्हाळी पाणी आमच्या नहरेला दरवर्षी मिळत नाही. यंदा मिळणार आहे, पुढे केव्हा ते कोणी सांगत नाही. दहा जानेवारीला पाणी वापर संस्थांची सभा आहे. तिथे चुन्नीलाल तुझा शोधनिबंध पुढे करून ठराव मांडणार की खैरटोल्याने उन्हाळी धान लावूच नये, सगळं पाणी वरच्यांनी घ्यावं. ठराव झाला तर आमच्या बांध्या, धानाची सगळी शेतं, पावसाळ्यापर्यंत फुटलेल्या टाचेसारख्या. शेजारची दुर्पता, जिच्या हातचं जेवून तू सुट्ट्या काढल्यास, तिने बियाणं आणून ठेवलं आहे.

तुझा निबंध मी मागवून वाचला. इंग्रजी मला येतं, सिस्टरांनी छड्या मारून शिकवलेलं आहे. आलेख फार सुंदर, लग्नपत्रिकेत शोभतील. पण मजकुरात काय, तर 'एका सिम्युलेशन मॉडेलद्वारे', 'योग्य गृहीतके धरून'. योग्य कोणी ठरवलं? ती गृहीतकं आहेत कुठे?

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेट गणिताच्या वहीत उजवीकडे रेघ मारायला लावायच्या. तो रफ कामाचा रकाना. त्यातलं खोडायचं नाही, फाडायचं नाही. उत्तर बरोबर आणि रकाना कोरा असेल तर शून्य. पुढे गोंदियाच्या शाळेत मी जन्मभर तेच केलं, तुझ्या वहीतसुद्धा.

तुझा निबंध तपासला. शून्य.

रफ काम पाठव.

आत्या


पुणे
११ डिसेंबर २०२५

प्रिय आत्या,

शून्य मिळालेला विद्यार्थी नमस्कार करतो आहे.

बातमीचा मथळा माझा नाही. आम्ही कधी 'सिद्ध केले' म्हणत नाही. पण निष्कर्ष माझा आहे आणि मी त्यावर ठाम आहे. धरणातून सोडलेलं पाणी, नहरेतली गळती, उन्हाने उडून जाणारं पाणी, अवकाळी पाऊस, हे सगळं मॉडेलमध्ये आहे. पाऊस कधी येईल ते कोणालाच ठाऊक नसतं, म्हणून संगणक प्रत्येक वेळी फासे टाकून वेगळा उन्हाळा तयार करतो. असे हजार उन्हाळे मी चालवले. जवळजवळ प्रत्येकात खैरटोल्याचं पीक शेवटी वाळलं. मला आनंद झाला असेल असं तुला वाटतं का?

निबंध दोन तज्ज्ञांनी तपासला आहे. फेब्रुवारीत माझी पीएचडीची तोंडी परीक्षा आहे आणि सगळा प्रबंध याच कामावर उभा आहे.

कोड मात्र पाठवता येणार नाही. माझे मार्गदर्शक सर म्हणतात, त्यावर दुसरा निबंध निघायचा आहे, तोवर बाहेर द्यायचा नाही. निबंधाच्या तळाशी तशी ओळही आहे, 'वाजवी विनंती केल्यास कोड उपलब्ध'. ती सगळेच लिहितात.

दुर्पताकाकूंना म्हणावं, यंदा हरभरा टाका.

तुझा,
हेमेंद्र


खैरटोला
१९ डिसेंबर २०२५

चि. हेमेंद्र,

वाजवी विनंती केल्यास. मी केली. गाव कोरडं राहणार आहे म्हणून विचारते आहे, याहून वाजवी काय असतं ते तुझ्या सरांना विचारून कळव. आणि 'ती सगळेच लिहितात' हे वाक्य तू शाळेत असताना माझ्यासमोर उच्चारलं असतंस तर बाकावर उभा राहिला असतास.

तुझे दोन तज्ज्ञ. त्यांनी तुझं मॉडेल चालवून पाहिलं का? नाही ना? मग त्यांनी स्वयंपाक न चाखता ताट बघून शाबासकी दिली.

बरं. तू दिलं नाहीस, मी केलं. पेन्शनीतून घेतलेला लॅपटॉप आजवर भजनं ऐकायला होता, आता त्याला काम लागलं. तुझ्या निबंधात जेवढं लिहिलं आहे तेवढं घेतलं, तुझेच आकडे, तुझीच गळती, आणि एक्सेलच्या चौकटींत मांडलं. गाव एकेका ओळीत, पाण्याची पाळी एकेका रकान्यात. फासे टाकायची सोय त्यातही आहे. दुर्पता रोज डोकावून जायची. "बाई, जेवल्या का नाई? तुमी तं त्या मशीनीत घुसूनच राहिल्या." मी म्हटलं, तुझं पाणी शोधते आहे. "मंग शोधा, भाजी मी आणून देतो."

आणि हेमेंद्र, पाणी सापडलं. माझ्या चौकटींत खैरटोल्याचं धान शेवटपर्यंत उभं राहतं. एकदा नाही, जितक्यांदा फासे टाकले तितक्यांदा. नोकरीत असताना इतका आनंद एकदाही झाला नव्हता. मी अंगणात जाऊन दुर्पताला हाक मारली आणि तिने सगळ्या टोल्याला.

तेच आकडे घालून उलट उत्तर येतं, याचा अर्थ एकच. तू काहीतरी लपवतो आहेस. सभेत मी उभी राहून सांगणार आहे की माझ्या भाच्याचा अभ्यास खोटा आहे. लाज वाटेल, पण सांगेन.

आत्या


पुणे
२३ डिसेंबर २०२५

आत्या,

'खोटा' हा शब्द वाचून मी पत्र टेबलावर उलटं ठेवलं आणि चहा प्यायला गेलो. परत आलो तरी तो तिथेच होता.

रागाच्या भरात ठरवलं, तुला पुरावाच पाठवायचा. निबंधातला मुख्य आकडा पुन्हा काढायचा आणि स्क्रीनचा फोटो तुझ्या तोंडावर मारायचा. माफ कर, पण असंच ठरवलं होतं. मॉडेल चालवलं. आकडा आला नाही.

मी पुन्हा चालवलं. पुन्हा वेगळा. आत्या, माझाच आकडा मला परत मिळेना. फासे जिथून सुरू होतात त्या संख्येला आम्ही सीड म्हणतो. तो लिहून ठेवला असता तर तेच हजार उन्हाळे हुबेहूब परत आले असते. मी लिहिला नव्हता. ज्या सॉफ्टवेअरवर केलं होतं ते मधे अपडेट झालं. आणि फोल्डरमध्ये 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल हाच' अशा फायली आहेत, त्यांतली निबंधातली कोणती ते मला ठामपणे सांगता येत नाही. एका फाईलमध्ये मी एक आकडा हाताने बदललेला दिसतो. का बदलला, ते आठवत नाही.

निष्कर्ष तरीही तोच येतो. खैरटोलं वाळतंच. आकडा थोडा हलतो, एवढंच. पण तुझं उलट का येतं? एकाच वर्णनावरून दोन माणसांनी काम केलं आणि दोन गावं निघाली. आता मला रागापेक्षा उत्सुकता जास्त आहे. जेवणात लक्ष लागत नाही.

तुझी एक्सेलची फाईल मेलने पाठव. त्यातली प्रत्येक चौकट अशी का केलीस तेही लिही. जे सांगायची गरज वाटत नाही ते आधी लिही. मीही माझा कोड पाठवतो आहे. सरांना विचारलेलं नाही.

हेमेंद्र


खैरटोला
२७ डिसेंबर २०२५

चि. हेमेंद्र,

मला वाटत होतं तू लपवतोस. तू तर हरवून बसला आहेस. हे जास्त वाईट, पण माझ्या जिवाला बरं वाटलं.

'खोटा' मागे घेते. 'गबाळा' ठेवते. बियाण्याची जात न सांगता भरलेलं शेत दाखवून काय उपयोग? दुसऱ्याने पेरायचं काय?

फाईल मेल केली आहे. चौकटींची कारणं लिहायला बसले तेव्हा कळलं की हे सोपं नाही. दर दोन वाक्यांनी मी लिहीत होते, 'हे तर उघडच आहे'. मग स्वतःलाच दटावून ते खोडलं, नाही, खोडलं नाही, काट मारून शेजारी कारण लिहिलं. सिस्टर बर्नाडेट वरून बघत असतील तर हसत असतील. हसताना त्या फार भयंकर दिसायच्या.

तुझा कोड उघडला. अर्धा कळला. तुझ्या टिपा वाचून करमणूक झाली. एका ठिकाणी लिहिलं आहेस, 'हे का चालतं माहीत नाही, हात लावू नये'. आमच्या शाळेच्या विजेच्या बोर्डावर अशीच पाटी होती.

लवकर पाहा. इथे मी सगळ्यांना सांगून बसले आहे की कम्प्यूटर चुकला. दुर्पताने नर्सरीसाठी वाफे तयार करायला घेतले आहेत. मी तिला थांब म्हटलं तर म्हणाली, "तुमीच तं सांगतलं, बाई. आता काऊन मागं सरता?"

आत्या


पुणे
२ जानेवारी २०२६

प्रिय आत्या,

सापडलं.

दोन्ही कामं शेजारी ठेवून ओळ ओळ ताडली. गळती सारखी. ऊन सारखं. पाऊस सारखा. मग तुझ्या कारणांमध्ये एक वाक्य दिसलं, ज्यावर तू काट मारून पुन्हा लिहिलं होतंस. 'उन्हाळी पाळीत आधी शेवटच्या गावाची बांधी भरते, म्हणून शेवटच्या ओळीपासून सुरुवात केली.'

आत्या, मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली आहे. नकाशावर गावं वरून खाली येतात, म्हणून यादी वरून खाली केली, म्हणून संगणक वरून खाली पाणी वाटत गेला. बोरीटोलं पोट भरून घेतं, मग पुढचं, मग पुढचं, आणि तुमच्यापर्यंत ओल येते. मी शहरात वाढलो. नहर माझ्यासाठी सुट्टीत पोहायची जागा होती. पावसाळी पाळी वरून आणि उन्हाळी पाळी शेवटाकडून, हे मला माहीतच नव्हतं. तुला ते इतकं माहीत की सांगावंसं वाटलं नाही. मला ते इतकं अज्ञात की विचारावंसं वाटलं नाही. निबंधात ती ओळ असती तर तू पहिल्याच वाचनात मला धरलं असतंस. चुन्नीलालकाकांना तर ती प्रथा पक्की ठाऊक असणार, पण माझ्या निबंधात कोणता क्रम धरला आहे ते त्यांना तरी कुठे दिसलं?

मी जागेवर उभा राहून टाळ्या वाजवल्या. प्रयोगशाळेतली माणसं बघत होती.

आता आनंद जरा आवर. शेवटाकडून पाणी देऊन माझं पूर्ण मॉडेल चालवलं. खैरटोल्याचं धान उभं राहतं, तू म्हणालीस तसंच. पण बोरीटोल्याच्या उंचावरच्या बांध्या धान निसवताना, ऐन लोंब्या बाहेर पडताना, वाळतात. तुझ्या एक्सेलमध्ये ते दिसलं नाही, कारण तू त्या बांध्या धरल्याच नाहीस. बेरीज फक्त खैरटोल्याची केलीस.

दोन्ही निकाल सोबत छापून पाठवतो आहे, आणि नकाशावर चालवून दाखवता येईल असं मॉडेल मेल केलं आहे. सभेत कोणता दाखवायचा ते तुझ्यावर सोपवतो.

हेमेंद्र


खैरटोला
११ जानेवारी २०२६

चि. हेमेंद्र,

सोपवलंस ते बरं केलंस. तीन दिवस तुला शिव्या देत होते.

एकच कागद दाखवायचा मोह झाला, हे सांगते. पहिला कागद चुन्नीलालच्या खिशात होताच, दुसरा माझ्या. दोघांनी आपापला फडकवला असता आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं पाणी. माझा आवाज मोठा आहे.

पण मग तुला शून्य कोणत्या तोंडाने दिलं होतं? म्हणून तर मेल करून तुला सगळं नेटवर टाकायला लावलं.

बोरीटोल्याच्या शाळेत सभा झाली. भिंतीवर चादर लावली, प्रोजेक्टर शाळेचा. मी आधी सांगितलं की भाच्याने एक गोष्ट न लिहिता धरली, मीही एक न लिहिता धरली आणि एक धरायलाच विसरले. मग दोन्ही क्रमांनी मॉडेल चालवून दाखवलं. नकाशावर बांध्या निळ्या व्हायच्या आणि उन्हाळा सरत गेला की काही पिवळ्या पडायच्या. सगळे आपापली बांधी शोधायला पुढे. "माही कोठं आहे? हे का? अरे, सरक ना." पहिल्या वेळी खैरटोलं पिवळं झालं तेव्हा आमची माणसं मागे सरकली. दुसऱ्या वेळी बोरीटोल्याचा उंच पट्टा पिवळा झाला तेव्हा त्यांची.

दुर्पता माझ्या कानाशी म्हणाली, "बाई, दुसरं दाखवाची का गरज होती?" मी म्हटलं, त्यांच्याही घरी जेवणारी माणसं आहेत. ती उठून पलीकडे जाऊन बसली. अजून बोलत नाही.

चुन्नीलाल उभा राहिला. "भतीजा तुमचा, मशीन तुमची, मंग पाणी बी तुमचंच निघन. मी काऊन मानू?" मी म्हटलं, मानू नका. सगळं नेटवर टाकलेलं आहे, आकडे, कोड, सीड, कोणतं सॉफ्टवेअर, काय धरलं, काय सोडलं. घरी नेऊन चालवा आणि चूक काढा. तो म्हणाला, "काढतोच. माही सून कम्प्यूटर शिकलेली आहे." ठराव पुढे ढकलला. अठरा तारखेला पुन्हा सभा.

म्हणजे आता आमच्या पाण्याचं ठरणार चुन्नीलालच्या सुनेच्या हातून. मला वाटतं मी मोठा मूर्खपणा केला.

तुझं काय? तोंडी परीक्षा?

आत्या


पुणे
१५ जानेवारी २०२६

प्रिय आत्या,

सरांना सगळं सांगितलं. कोड नेटवर टाकला हेही. त्यांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. मग विचारलं, "निबंध मागे घ्यावा लागेल?" मी म्हटलं, "पुरा करावा लागेल, सर. अर्धाच छापला होता." दुरुस्ती नियतकालिकाकडे गेली आहे. क्रमाची ओळ आता पहिल्याच पानावर आहे. शेवटची ती 'वाजवी विनंती' काढून टाकली, त्या जागी कोडचा नेटवरचा थेट पत्ता दिला आहे.

तोंडी परीक्षा पुढे गेली. सर चिडलेत की त्यांना सुटल्यासारखं वाटतंय ते समजत नाही. काल मात्र त्यांनी दुसऱ्या एका विद्यार्थ्याला विचारलेलं ऐकलं, "तुझा सीड कुठे लिहिला आहेस?"

मूर्खपणा वगैरे नाही. पण त्या सूनबाईंनी काही विचारलं तर मला लगेच कळव. मी फोन उशाशी घेऊन बसलो आहे.

हेमेंद्र


खैरटोला
१९ जानेवारी २०२६

चि. हेमेंद्र,

तिने काहीच विचारलं नाही.

मी रोज वाट पाहत होते की टीनाचा, म्हणजे त्या सुनेचा, फोन येईल, हे कळत नाही, ते कसं करायचं. आला नाही. मी धरून चालले की तिला जमलं नाही, आता सासरा सभेत 'मशीनच खोटी' म्हणून ओरडणार आणि आपण गेलो.

काल सकाळी, सभेच्या आधी, दोघं माझ्या दारात. टीना मोटरसायकलच्या मागे लॅपटॉप छातीशी धरून बसलेली. चुन्नीलालचा चेहरा असा की कोणी बैल सोडून नेला आहे.

"बसा," म्हटलं.

"बसत नाई." मग उभ्यानेच बोलला. "चूक नाई भेटली जी."

मी टीनाकडे पाहिलं. मुलगी धीट आहे. म्हणाली, "आंटी, मी तीनदा चलाकर देखा. मामाजी बाजूला बसून होते, म्हणत होते, अजून पाहा, अजून पाहा. लिहिलं होतं तसंच करत गेली. तुमचा जो आकडा, तोच माझा. दशांशापर्यंत." तिने लॅपटॉप उघडून दाखवला. हेमेंद्र, तुला कधी न भेटलेल्या, आम्हाला खोटं पाडायला बसलेल्या माणसांच्या घरात, त्यांच्या मशीनवर, तोच आकडा. मी माझा कागद आणून त्याच्या शेजारी धरला.

"आणि मग," टीना म्हणाली, "सगळं खुलं होतंच, तर मी एक ओळ बदलून पाहिली. एक पाळी खालून, एक पाळी वरून." तिने ते चालवलं. खैरटोल्याच्या कडेच्या काही बांध्या पिवळ्या, बोरीटोल्याच्या उंचावरच्या काही पिवळ्या. बाकी सगळी नहर शेवटपर्यंत निळी. काय बदललं, का बदललं, ते तिने वर लिहूनही ठेवलं आहे. न सांगता. मी तिला पैकीच्या पैकी दिले.

सभेत ठराव चुन्नीलालनेच मांडला, जसं काही त्याच्याच डोक्यातून निघालं. पाळी आलटून पालटून, दोन्ही टोकांनी थोडी थोडी जमीन यंदा मोकळी सोडायची. कोणाची, ते नकाशावर सगळ्यांनी पाहिलंच होतं. दुर्पताची एक बांधी त्यात गेली, बाकीच्या वाचल्या. परत येताना ती माझ्याशी बोलली. म्हणाली, "भाजी शिळी आहे, चालन का?"

टीनाची फाईल तुला मेल केली आहे. चालवून पाहा, आणि तोच आकडा आला तर तिला स्वतःच्या हाताने पत्र लिही. टपालाने.

काल सकाळी माझ्या दारातून जाताना चुन्नीलाल पायरीवर थांबला होता. म्हणाला, "मास्तरीनबाई, मी अजून बी तुमच्यावर भरोसा नाई ठेवत."

मी म्हटलं, "ठेवू नका. आता गरजच नाही."

अनेक आशीर्वाद. आणि केस विंचर.

आत्या